कीटकदंश आणि घरगुती उपाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला पाऊस पडला की हे प्रश्न यायला लागतात आणि भातकापणी संपेपर्यंत थांबत नाहीत. इथे ते शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. घरगुती उपायाने आग, खाज आणि सूज कमी होते. विष त्याने उतरत नाही. जिथे विषाचाच प्रश्न आहे तिथे लेप लावत बसण्यात फक्त वेळ जातो. कुणाला आत्ता या क्षणी काही चावलेलं असेल आणि श्वास लागत असेल, तर बाकीचं सोडा आणि थेट प्रश्न १५ वाचा.

१. काय चावलं ते कळायच्या आधी, अगदी पहिल्यांदा काय करायचं?

आधी त्या जागेवरून उठा. मुंग्यांच्या वारुळावर किंवा मोहोळाखाली उभं राहून उपचार होत नाहीत. मग चावलेली जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा. त्यानंतर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहाएक मिनिटं धरा, थोडं थांबा, पुन्हा धरा. फ्रिज नसेल तर माठातल्या पाण्याची घडी ठेवा. बर्फ उघडा लावू नका, कातडी पोळल्यासारखी होते.

हाताला चावलं असेल तर अंगठ्या आणि बांगड्या लगेच काढा, पायाला चावलं असेल तर जोडवी. अर्ध्या तासाने सूज चढली की काचेच्या बांगड्या फोडाव्या लागतात आणि अंगठी कापायला सोनाराकडे जावं लागतं. ‘सौभाग्याचं लेणं कसं काढू’ म्हणून बाया थांबतात आणि मग बोट निळं पडतं. साबण लावून काढा, सूज उतरली की पुन्हा घाला.

२. मधमाशीचा काटा नखाने ओढला तर विष आत पिळलं जातं म्हणतात. मग कसा काढायचा?

जसा निघेल तसा, पण ताबडतोब. मधमाशीच्या नांगीला उलटे दाते असतात, त्यामुळे ती कातडीत अडकते आणि विषाच्या पिशवीसकट तुटून तिथेच राहते. माशी उडून गेली तरी ती पिशवी आकसत राहते आणि विष आत ढकलत राहते. बहुतेक विष पहिल्या मिनिटाच्या आतच शरीरात जातं. त्यामुळे काटा खरवडून काढायला एटीएम कार्ड शोधत घरात जाणं हे नखाने ओढण्यापेक्षा वाईट. नख, कार्ड, चिमटा, सुरीची बोथट बाजू, हाताशी असेल ते वापरा.

काढल्यावर जागेकडे नीट बघा. काळपट बारीक टोक आणि त्याला चिकटलेली पांढुरकी पिशवी दिसली, तर सगळं बाहेर आलं. नुसती पिशवी तुटून टोक आत राहिलं तरी घाबरू नका, ते कुसळासारखं आपोआप वर येतं. सुईने कोरत बसू नका.

३. गांधीलमाशी चावली. काटा सापडतच नाही. आणि तिला व्हिनेगर आणि मधमाशीला सोडा, हे खरं का?

काटा सापडणार नाही, कारण गांधीलमाशी तो मागे ठेवत नाही. तिची नांगी गुळगुळीत असते, म्हणूनच एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारू शकते.

व्हिनेगर-सोड्याचं गणित शाळेतल्या रसायनशास्त्रातून आलंय: मधमाशीचं विष आम्ल म्हणून त्याला सोडा, गांधीलमाशीचं अल्कली म्हणून त्याला व्हिनेगर. ऐकायला छान आहे. पण विष म्हणजे नुसतं आम्ल किंवा नुसतं अल्कली नव्हे, ते प्रथिनं आणि इतर रसायनांचं मिश्रण असतं. शिवाय ते कातडीच्या आत गेलेलं असतं आणि आपला लेप वर बसलेला असतो, दोघांची गाठ पडत नाही. सोड्याच्या लेपाने बरं वाटतं ते ओलाव्याने आणि गारव्याने. बरं वाटतंय तर लावा, फक्त विष मारलं असं समजू नका.

४. मग घरातलं नेमकं काय लावलं तर चालतं?

बर्फ आणि गार पाणी हाच खरा उपाय. बाकी सगळं त्याच्यानंतर. तरी ज्या वस्तू बऱ्याच घरांत असतात आणि ज्यांनी सहसा अपाय होत नाही, त्या या.

कोरफडीचा गर. कुंडीतली पात कापल्यावर ती कापलेल्या बाजूने खाली धरून दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवा. पिवळा चीक गळतो. तो कातडीला झोंबतो आणि ‘कोरफडीने उलट खाज वाढली’ अशी तक्रार येते त्याचं कारण बहुतेक वेळा तोच असतो. चीक गेल्यावर पात धुवा, साल काढा आणि आतला स्वच्छ, पारदर्शक गर तेवढा लावा.

सहाणेवर उगाळलेलं चंदन किंवा पाण्यात कालवलेली मुलतानी माती. दोन्ही वाळताना गारवा देतात. मुलतानी माती विकतची, स्वच्छ, सालं न निघालेल्या कातडीवरच. अंगणातली ओली माती नको, त्याचं कारण प्रश्न १९ मध्ये.

खायचा सोडा: एक चमचा सोड्यात दाट लेप होईल एवढंच पाणी, दहा मिनिटांनी धुऊन टाका.

खोबरेल तेलात चिमूटभर हळद. खाजवून खाजवून कातडी कोरडी पडली असेल तर याने मऊ होते. पिवळे डाग पडतात, शाळेचा पांढरा शर्ट सांभाळा. काही जणांना हळदीचीही ॲलर्जी असते, लावल्यावर लाली पसरली तर थांबवा.

तुळस आणि कडुलिंबाबद्दल फार विचारलं जातं. तुळशीची पानं धुऊन चुरगळून लावायला हरकत नाही, कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायलाही नाही. मात्र दोन्हींकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

या यादीत नसलेली, औषधाच्या दुकानात मिळणारी एक गोष्ट मी घरात ठेवतेच, ती म्हणजे कॅलामाइन लोशन. ‘नैसर्गिक’ हवं असणाऱ्यांना सांगायला हरकत नाही की त्यातला मुख्य भाग जस्ताचं भस्मच असतो.

५. आमच्याकडे चुना लावतात. शिवाय लसूण, लिंबू, रुईचा चीक, बिब्बा, तंबाखू… यातलं काय चालेल?

यातलं काहीच नको. माझ्याकडे येणाऱ्या फोटोंत चावल्याने झालेल्या जखमांपेक्षा लेपाने झालेल्या जखमा जास्त वाईट असतात, म्हणून हे जरा सविस्तर.

चुना. पानाच्या डबीतला चुना जोरकस अल्कली असतो. जाड थर लावून वर फडकं बांधलं की खालची कातडी भाजते. ‘चावल्यावर मोठा फोड आला’ म्हणणाऱ्यांना काय लावलं होतं असं विचारावं. उत्तर बरेचदा चुना असतं.

लसूण. ठेचून बांधून ठेवला की दोन-तीन तासांत कातडी पोळते. लहान मुलांची तर फारच लवकर.

लिंबू. लावताना काही होत नाही. मग पोरगं उन्हात खेळायला जातं आणि दुसऱ्या दिवशी तिथे लाल चट्टे, फोड आणि नंतर महिनोनमहिने न जाणारे काळे डाग. लिंबाच्या रसातली आणि सालीतली काही द्रव्यं ऊन लागलं की कातडी जाळतात.

रुईचा चीक. विंचवावर आणि काट्यावर हा गावोगाव वापरतात. तोच हात चुकून डोळ्याला लागला तर बुबुळाच्या पडद्याला इजा होते आणि दिसायला धूसर होतं. सुरुवातीला फारसं दुखत नाही, म्हणून माणूस उशिरा दवाखान्यात जातो. लागलाच तर पंधरा-वीस मिनिटं पाण्याने डोळा धुवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा.

बिब्ब्याने कातडी जळते. आयुर्वेदात तो शुद्ध करूनच वापरतात. आजीला ते ठाऊक होतं, आपल्याला नाही.

तंबाखू ओली करून बांधली तर त्यातलं निकोटिन कातडीतून शोषलं जातं. लहान मुलाला मळमळ, उलटी, चक्कर यायला तेवढं पुरतं.

टूथपेस्टने पुदिन्याचा गारवा वाटतो आणि मागाहून कातडी खरखरीत होते. लावलीच असेल तर धुऊन टाका, काही बिघडलेलं नाही.

६. माशी चावली की आजी लोखंड चोळायची, विळा नाहीतर किल्ली. त्यात काही तथ्य?

लोखंड गार असतं, तेवढंच तथ्य. स्टीलचा चमचा माठात बुडवून ठेवला तरी तोच गुण येतो. जोरात चोळू मात्र नका, काटा आत असेल तर तुटतो आणि सूज पसरते. गंजकं लोखंड तर अजिबात नको.

७. मुलीच्या पायावर डास चावून चावून काळे डाग पडलेत. एक पुटकुळी बसते तोवर जुन्या सगळ्या पुन्हा खाजतात. रक्तात काही दोष आहे का?

रक्तात दोष नाही. डासाच्या लाळेला शरीर चिडतं, त्याची ही खाज. साधारण दोन ते आठ-दहा वर्षांच्या मुलांत ही चिडचिड जास्त असते आणि नवा डास चावला की जुन्या गाठीही जाग्या होतात. मोठं होता होता बहुतेकांचं कमी होतं. ‘रक्त शुद्ध करणारी’ औषधं यासाठी देऊ नका.

करायचं ते कंटाळवाणं आहे: नखं दर आठवड्याला कापणं, संध्याकाळी पाय झाकणारे कपडे, मच्छरदाणी, खाज सुटली की गार पाण्याची पट्टी आणि वर कॅलामाइन. काळे डाग डासाचे नसतात, खाजवण्याचे असतात. खाजवणं थांबलं की काही महिन्यांत फिके होतात. झोप मोडण्याइतकी खाज असेल तर डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे ॲलर्जीचं औषध द्या.

घरात फक्त उघड्या अंगावर, सकाळी उठल्यावर, एका ओळीत तीन-चार चट्टे दिसत असतील तर डास सोडून ढेकूण शोधा. गादीच्या शिवणीत काळे ठिपके सापडतील.

८. बाळ आठ महिन्यांचं आहे. थोडा बाम किंवा कापूर घातलेलं खोबरेल लावलं तर?

नको. दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर, निलगिरीचं तेल, पुदिन्याचा अर्क यांपासून लांबच ठेवा. बाळ हात तोंडात घालतं, आणि कापूर पोटात गेला तर फिट येऊ शकते. देवघरातल्या कापराच्या वड्यासुद्धा रांगत्या मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. बाळाला गार पाण्याची घडी पुरते. मधही चाटवू नका, वर्षाखालच्या मुलाला मध द्यायचाच नसतो.

९. काल माशी चावली तेव्हा थोडीच सूज होती. आज सगळा हात सुजलाय. पिकलं का?

बहुधा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज वाढणं, मनगटाला चावलं तर कोपरापर्यंत जाणं, हात गरम लागणं आणि खाजणं ही विषाला आलेली मोठी पण स्थानिक प्रतिक्रिया असते. ती पाच ते दहा दिवसांत उतरते. हात उशीवर उंच ठेवा, बर्फ चालू ठेवा. अशा हातावर उगाच अँटिबायोटिकचा कोर्स केला जातो.

पिकण्याची लक्षणं वेगळी असतात: खाज कमी आणि ठणका जास्त, पू, ताप, किंवा जागेपासून वर सरकणारी लाल रेघ. ही दिसली तर दवाखाना. मधुमेह असेल तर थोड्याशा संशयावरही जा, विशेषतः पायाला चावलं असेल तर.

१०. पावसाळ्यात झोपेतून उठले तर मानेवर लाल पट्टा, त्यावर बारीक फोड आणि आग. सगळे म्हणतात नागीण आहे. उतरवून घेऊ का?

हा प्रश्न दर जुलै-ऑगस्टला येतो. पुष्कळदा ती नागीण नसते. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती एक लांबट, मुंगीसारखा, काळा-नारिंगी पट्ट्यांचा किडा येतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. मानेवर बसला म्हणून आपण झोपेत हात फिरवतो, तो चिरडतो, आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं द्रव्य जिथवर पसरलं तिथवर कातडी भाजते. म्हणून पट्टा. लगेच काही दिसत नाही, साधारण एका दिवसाने फोड उठतात.

ओळखायचं असं. नागीण शरीराच्या एकाच बाजूला उठते आणि बहुतेक वेळा फोडांच्या आधी एक-दोन दिवस तिथे ठणका असतो. किड्याच्या पट्ट्याआधी काही दुखत नाही. कोपराच्या आतल्या घडीत एका बाजूला डाग आणि हात मिटल्यावर जिथे टेकतो तिथे तसाच दुसरा डाग असेल, तर तो किडाच.

साबणाने भरपूर धुवा, चादर-उशीचा अभ्राही धुवा, वर गार पट्टी. फोड फोडू नका. आठ-दहा दिवसांत सुकतं. डोळ्याजवळ असेल, किंवा नागिणीचा खरोखर संशय असेल, तर डॉक्टरांकडे पहिल्या तीन दिवसांतच जा, कारण नागिणीच्या गोळ्या सुरुवातीलाच जास्त गुण देतात. हा किडा अंगावर दिसला तर मारू नका, फुंकर मारून उडवा.

११. उसात घोणस अळी चावली. लोक म्हणतात माणूस मरतो. खरंय का?

२०२२ च्या सप्टेंबरात या अळीचे व्हिडिओ मोबाइलवर इतके फिरले की बांधावर जायला माणसं घाबरत होती. ही एका पतंगाची अळी. तिचा घोणस सापाशी संबंध फक्त नावापुरता. ती चावत नाही. अंगावरच्या काटेरी केसांच्या मुळाशी विष असतं आणि ते टोचले की वीज लागल्यासारखी कळ येते. दुखतं भयंकर, पण जिवावर बेतत नाही. ज्याला ॲलर्जी आहे त्याची गोष्ट वेगळी (प्रश्न १५).

चोळू नका आणि आधी पाणीही ओतू नका. चिकटपट्टी घ्या, जागेवर अलगद दाबून ओढा. दर वेळी नवा तुकडा घेऊन चार-पाच वेळा असंच करा. पट्टी उजेडात धरली तर निघालेले बारीक केस दिसतात. मग साबणाने धुवा, बर्फ लावा, वर सोड्याचा लेप. अंगातले कपडे वेगळे धुवा.

शेवग्याच्या खोडावर झुबक्याने बसणाऱ्या केसाळ सुरवंटांनाही हेच. केस डोळ्यात गेला तर चोळणं बंद आणि सरळ नेत्रतज्ज्ञांकडे.

१२. गोचीड रॉकेल टाकून काढावी की चटका देऊन?

दोन्ही नको. चटका दिला किंवा रॉकेल टाकलं की ती चवताळून पोटातलं द्रव्य जखमेत ओकण्याचा धोका असतो. बारीक चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून तिचं तोंड धरा आणि पिळ न देता सरळ वर ओढा. मग साबणाने धुवा.

सिंधुदुर्ग आणि गोव्यात राहणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. गोचिडीतून पसरणारा माकडताप १९५७ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. अलीकडे तो गोव्यात सत्तरीत आणि २०१६ पासून सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडीकडे दिसला आहे. काजूच्या बागेत जाण्याचा हंगाम आणि या तापाचा हंगाम एकच. गोचीड चावल्यावर पुढच्या आठ-दहा दिवसांत जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली किंवा आसपास माकडं मेलेली दिसली, तर आरोग्य केंद्रात जाऊन ‘गोचीड चावली होती’ हे तोंडाने सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही.

विदर्भातल्यांसाठी दुसरी सूचना. २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती. तो गवतातल्या अगदी सूक्ष्म किड्याच्या पिल्लांमुळे होतो. चावलेलं कळतही नाही. ताप येतो, आणि काखेत, जांघेत किंवा कंबरपट्ट्याखाली एक न दुखणारी काळी खपली सापडते. ती खपली डॉक्टरांना दाखवा. वेळेत औषध मिळालं तर हा आजार झपाट्याने बरा होतो.

१३. आंबोलीला पायाला जळवा लागल्या. मीठ टाकलं. रक्त थांबेना.

जळू चावताना रक्त न गोठू देणारं द्रव्य सोडते, म्हणून तासभरही रक्त झिरपू शकतं. घाबरण्यासारखं नाही. स्वच्छ फडकं दाबून धरा. मीठ टाकण्यापेक्षा तोंडाकडच्या बारीक टोकाखाली नख सरकवून ती सोडवणं बरं. खाज दोन-चार दिवस राहते, तिला प्रश्न ४ मधले उपाय.

१४. घोण (मोठी गोम) चावली. बर्फाने बरं वाटेना. गरम पाणी चालेल?

चालेल, आणि घोणीला बऱ्याच जणांना गरमच जास्त मानवतं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात किंवा पाय पंधरा-वीस मिनिटं बुडवा. पाणी किती गरम ते न चावलेल्या हाताने तपासा, चावलेली जागा बधिर असते आणि पोळलं तरी कळत नाही. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल त्यांनी गरम पाण्याच्या वाटेला जाऊ नये.

१५. ॲलर्जी झाली हे कसं ओळखायचं, आणि घरी काय करायचं?

चावल्या जागेपासून लांब काहीतरी व्हायला लागलं की सावध. हाताला चावलंय आणि ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, आवाज बसला, गिळता येईना, छातीत घरघर, उलट्या, डोळ्यापुढे अंधारी: यातली दोन दिसली तरी पुरे. श्वास लागला किंवा भोवळ आली तर ते एकटंच पुरे. बहुतेक वेळा हे पहिल्या अर्ध्या तासात होतं.

घरी करण्यासारखं औषध नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या दवाखान्यात न्या. तिथे मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन देतात, जीव वाचवतं ते हेच. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर टेकून बसू द्या, पण उठवून चालवू नका. पाणी, काढा, गोळी काही तोंडात घालू नका. सेटिरिझिनची गोळी खाजेला ठीक आहे, ती श्वास उघडत नाही. इंजेक्शनने बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबा, त्रास उलटून येऊ शकतो.

घशात किंवा जिभेला डंख झाला (सरबताच्या ग्लासात माशी असते) तर ॲलर्जी नसली तरी सूज श्वास अडवू शकते. बर्फ चघळत दवाखाना गाठा.

१६. किल्ल्यावर आग्या मोहोळ उठलं तर काय करावं?

आग्या माश्यांचा डंख एकटा येत नाही. डंख मारताना माशी एक वास सोडते, बाकीच्यांना तो ‘इथे मारा’ असा निरोप असतो. म्हणून झटकणं आणि मारणं म्हणजे आणखी माश्यांना बोलावणं. ओढणी, शर्ट, जॅकेट, जे असेल त्याने तोंड-मान झाका आणि सरळ दूर जा. वाट कड्याच्या बाजूची असेल तर पळू नका. मधमाश्यांपासून सुटण्याच्या गडबडीत कड्यावरून पाय घसरला तर काय होईल ते सांगायला नको. गुहा, दाट झुडूप, बंद गाडी, तंबू यांचा आसरा घ्या. पाण्यात उडी मारू नका, डोकं वर काढेपर्यंत माश्या वर घोंघावत राहतात.

लांब गेल्यावर काटे काढायला लागा, दोघांनी एकमेकांचे. केसांत आणि कानामागे बघायला विसरू नका.

मोठ्या माणसाला पंचवीस-तीस डंखांच्या वर आणि लहान मुलाला दहा-बाराच्या वर झाले तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जायचं, असं मी धरते. एवढ्या विषाने स्नायू आणि रक्तपेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येतो, आणि ते कधीकधी दुसऱ्या दिवशी लघवी चहासारखी झाल्यावर कळतं. कड्याखाली चूल पेटवणं आणि अंगभर अत्तर मारून ट्रेकला येणं या दोन गोष्टी टाळल्या तरी बरीच मोहोळं उठायची थांबतील.

१७. कोकणात विंचू चावला. आघाड्याचं मूळ, मंत्र, उतारा यांनी लोकांना गुण येतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग दवाखाना कशाला?

गुण आलेला दिसतो, कारण बहुतेक विंचवांचा डंख आपोआपच उतरतो. मोठी काळी इंगळी दिसायला भीतिदायक, पण तिचं विष बेताचं. काही तास कळा, मग शांत. त्या वेळात आघाडा उगाळला असेल तर श्रेय आघाड्याला, मंत्र घातला असेल तर मांत्रिकाला.

लाल विंचवाचं तसं नाही. तो लहानसा, तांबूस-पिवळा. चिऱ्याच्या भिंतीच्या फटीत, लाकडांच्या मोळीत, पेंढ्यात, सकाळी घातलेल्या चपलेत सापडतो. त्याचं विष हृदयावर आणि फुप्फुसांवर जातं. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशी मुलं डोळ्यांदेखत जाताना पाहिली. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध या विषाचा परिणाम रोखतं हे त्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं, आणि विंचूदंशाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता फसवणारी गोष्ट. नुसती प्रचंड कळ आहे, माणूस ओरडतोय, पण अंग कोरडं आणि हातपाय गरम आहेत, तर बहुधा धोका कमी. दुखणं फारसं नाही, पण दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, उलटी, तोंडाला लाळ, लहान मुलग्याच्या लिंगाला ताठरपणा: ही विष भिनल्याची खूण. ‘पोरगं शांत झालं, उतरलं वाटतं’ असं म्हणून ज्याला झोपवलं जातं ते हेच पोरगं.

कोकणात लहान मुलाला विंचू चावला तर रंग न बघता आरोग्य केंद्रात न्या. वाटेत बर्फ लावा, डंखाची जागा हलवू नका. घट्ट दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका. मंत्र म्हणायचा असेल तर गाडीत बसून म्हणा, त्याला कुणाची हरकत नाही.

१८. रात्री झोपेत काहीतरी चावलं, पहाटे पोटात दुखायला लागलं आणि पापण्या जड झाल्यात. जागेवर काहीच दिसत नाही. किडाच असेल ना?

असं समजू नका. जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्याला मण्यार चावते ती अशीच. दुखत नाही, सूज नाही, दातांच्या खुणाही सापडत नाहीत. पोटात मुरडा, घशात अडखळणं, पापण्या मिटणं, जीभ जड होणं ही लक्षणं कुठल्याही कीटकदंशाची नाहीत. जवळच्या सरकारी रुग्णालयात सर्पविषाची लस असते, तिथे लगेच न्या. साप शोधत बसू नका. त्या रात्री चुकीची भीती वाटून दवाखान्यात गेलात तर एक खेप वाया जाईल, एवढंच.

१९. प्रत्येक चावण्याला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं का?

डास, मुंगी, माशी यांना सहसा नाही. जखम मातीने, शेणाने, राखेने भरली असेल किंवा खाजवून उघडी पडली असेल आणि शेवटचं इंजेक्शन होऊन पाच वर्षांहून जास्त काळ गेला असेल, तर घ्या. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात. म्हणून चावलेल्या जागी ओली माती, शेण किंवा गोवरीची राख लावायची नाही.

२०. कानात किडा गेलाय आणि फडफडतोय. काय करू?

काडी, पिन, बड घालू नका, तो आणखी आत जातो. डोकं एका कुशीवर करा आणि कानात कोमट खोबरेल तेलाचे काही थेंब सोडा. पाण्याने तो जास्त वळवळतो, तेलाने गुदमरून थांबतो. मग कान खाली करा, तेलाबरोबर बाहेर आला तर ठीक, नाही आला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून काढून घ्या. मेलेला किडाही आत ठेवायचा नसतो. कान आधीपासून वाहत असेल किंवा पडद्याला भोक असल्याचं माहीत असेल, तर तेलसुद्धा न टाकता डॉक्टरांकडे जा. आणि गोम कानातून मेंदूत जाते असं जे सांगतात त्यात काही अर्थ नाही, मध्ये पडदा आणि हाड आहे.